शून्य तक्रारींची तुकडी

संपादकांना सिंह हवे होते. ‘राठोड साहेब, तुम्ही आफ्रिकेत शांतिसेनेत होता. सिंह, जंगल, तिथली माणसं, असं काहीतरी खुसखुशीत लिहा,’ असं ते फोनवर म्हणाले. सिंह मी पाहिला नाही. मी पाहिला तो पाण्याचा टँकर, त्याच्यापुढची डब्यांची रांग आणि त्या रांगेतली एक बाई. सिंहाची वाट पाहणाऱ्यांनी इथेच पान उलटावं. माझा राग नाही.

मी कनेरगाव नाक्याजवळच्या तांड्यावरचा. निमलष्करी दलातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. दलाचं नाव लिहीत नाही, त्या देशाचंही लिहीत नाही. माझ्या चुकीसाठी देशाला आणि दलाला उभं करायची गरज नाही. माझं नाव अंकात छापलेलं आहेच.

शांतिसेना म्हणजे लढणारी फौज, असा आपल्याकडे समज आहे. तसं नसतं. दोन टोळ्या लढून थकल्या की मध्ये आम्हाला उभं करतात. डोक्यावर निळी टोपी, हातात बंदूक, आणि ती शक्यतो न चालवायचा हुकूम. काम काय, तर रस्ता उघडा ठेवायचा, चौकीवर उभं राहायचं, बाजाराच्या दिवशी गस्त घालायची, आणि आमच्यासाठी येणाऱ्या पाण्यातलं उरलेलं गावाला वाटायचं. मुख्य काम कंटाळा सहन करण्याचं. ते आम्ही भारतीय उत्तम करतो.

मी दोन कामं केली. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा स्वतः जाऊन आलो. पुढे पाच-सहा वर्षांनी, जाणाऱ्या नव्या तुकड्यांना शिकवलं. काय शिकवलं, तर जेंडर. हा शब्द ऐकून तुम्ही हसला असाल तर बरोबर आहे. आमचे जवानही हसायचे.

झालं असं होतं की जगभर शांतिसेनेच्या लोकांबद्दल तक्रारी वाढल्या होत्या. ज्यांचं रक्षण करायला गेले, त्याच बायांना त्रास दिला, अशा. मग वरून हुकूम निघाला की निघण्यापूर्वी प्रत्येक तुकडीला या विषयाचा वर्ग द्यायचा. वर्ग झाल्याचा दाखला गेल्याशिवाय तुकडीचं विमान हलायचं नाही. आता परदेशी जायला कोण नको म्हणतं? त्यामुळे दाखला सगळ्यांना हवा होता. वर्ग कुणालाच नको होता.

वारंगा फाट्याच्या अलीकडे, माळावर आमचं तात्पुरतं शिबिर लागलं होतं. पत्र्याची शेड, तीत शंभर माणसं, दोन पंखे. पहिल्या दिवशी शिकवायला बाहेरून एक मॅडम आल्या. विषयातल्या जाणकार होत्या. कमांडंट साहेबांनी त्यांना चहा देऊन एकच विनंती केली, ‘मॅडम, उदाहरणं द्या, पण आपल्या लोकांची देऊ नका. दुसऱ्या देशांच्या तुकड्यांची द्या. भरपूर आहेत.’

मॅडम म्हणाल्या, ‘म्हणजे मी यांना असं शिकवू का, की हे दुसरेच लोक करतात?’

‘मोराल का सवाल है.’

मॅडमनी चहा संपवला, पिशवी उचलली आणि फाट्यावर जाऊन नांदेडची एसटी पकडली. कमांडंट साहेब माझ्याकडे वळले. ‘राठोड साब, आप पढ़ाइए. आपकी कंपनी का रिकॉर्ड तो जीरो है.’

जीरो म्हणजे शून्य तक्रारी. मी ज्या तुकडीबरोबर गेलो होतो, तिच्या नावावर वर्षभरात एकही तक्रार नव्हती. तो कागद आमच्या दलात जपून ठेवला होता. पाहुणे आले की दाखवत. त्या शून्याच्या जोरावर मी मास्तर झालो.

वर्ग दीड तासाचा होता. मी तो चाळीस मिनिटांत उरकायचो. ‘सर, जेंडर मतलब लेडीज ना?’ हा प्रश्न प्रत्येक तुकडीत एकदा यायचाच. परीक्षेच्या पेपरात एका हवालदारानं लिहिलं होतं, ‘महिला दिखाई देने पर तीन कदम पीछे हटें और सीनियर को सूचना दें.’ मी त्याला पूर्ण गुण दिले. एकदा नाटुकलं करायचं होतं. चौकीवर तक्रार घेऊन आलेली बाई आणि तिच्याशी बोलणारा जवान. बाई व्हायला कुणी तयार होईना. शेवटी स्वयंपाक्याच्या डोक्यावर टॉवेल टाकून त्याला उभा केला. तो लाजत, मुरकत आला आणि शेड हसून हसून खाली यायची बाकी राहिली. मीही हसलो. चौकीवर तक्रार घेऊन आलेली बाई कशी उभी राहते, हे त्या शेडमध्ये फक्त मला माहीत होतं. ती मुरकत नव्हती.

आता तेच सांगतो.

आमच्या चौकीशेजारच्या गावात विहीर होती, पण लढाईत कुणीतरी तिच्यात मेलेली जनावरं टाकली होती. गाव आमच्या टँकरवर जगत होतं. टँकरवाल्याच्या हातात काय असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. नळी कुणाच्या डब्यात आधी सोडायची आणि कुणाच्या शेवटी, हे तो ठरवतो. आमचा ड्रायव्हर दिसायला गरीब होता, देवाधर्माचा होता, सगळ्यांचा लाडका होता. मी त्याला इथे ड्रायव्हरच म्हणतो.

एका सकाळी बावीस-तेवीस वर्षांची एक बाई म्हाताऱ्या सासूला घेऊन चौकीच्या दारात उभी राहिली. आमचा दुभाषा जोसेफ, तिकडचा शाळामास्तर, तिच्याशी बोलला आणि माझ्याकडे आला. त्याला हिंदी थोडी यायची, इंग्रजी बरी. त्याने मला तिचं म्हणणं सांगितलं. माझा विश्वास बसला नाही म्हणून मी पुन्हा सांगायला लावलं. त्याने पुन्हा सांगितलं. ड्रायव्हरने पाण्याच्या बदल्यात तिच्यावर जबरदस्ती केली होती.

मी तेव्हाच्या आमच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

‘काग़ज़ पर कुछ आया है?’

‘नहीं साब.’

‘तो मत लाओ.’ मग थोडं थांबून ते म्हणाले, ‘राठोड, तुम्हारे यहाँ तो बैठक में सब निपट जाता है ना? तुम्हारे पिताजी नायक हैं, तुमने बताया था.’

मी फुगलो. खोटं कशाला सांगू? परक्या देशात साहेबाला माझ्या तांड्याची आठवण झाली, याचा मला अभिमान वाटला.

तांड्यात भांडण झालं की आमच्यात नसाब बसते. नसाब म्हणजे न्यायाची बैठक. मध्ये नायक, म्हणजे तांड्याचा प्रमुख, बाजूला कारभारी आणि चार जाणती माणसं. दोन्ही बाजूंचे पुरुष बोलतात. दंड ठरतो. मग सगळ्यांच्या हातावर गूळ ठेवला जातो, आणि गूळ खाल्ला की त्या विषयावर पुन्हा बोलायचं नाही. माझ्या वडिलांनी अशी कितीतरी घरं सांधली. पोलीस चौकी आमच्या लोकांना कधी लाभली नाही, नसाब लाभली. म्हणून मला ती खरोखर न्यायाची वाटायची. बायका तिच्यात बसत नाहीत, हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. घराला उंबरा असतो तसं ते होतं.

साहेबांनी आणखी एक केलं. ‘टँकर खराब आहे’ म्हणून पाणी दोन दिवस बंद ठेवलं. टँकर खराब नव्हता. पाणी बंद झालं की गाव किती लवकर समजूतदार होतं, ते मी तेव्हा पाहिलं. तिसऱ्या दिवशी गावचा मुखिया स्वतः चौकीवर आला. बैठकीला कधी बसायचं, असं विचारत.

आंब्याच्या झाडाखाली आम्ही बसलो. मुखिया, त्याचे तीन म्हातारे, मी, जोसेफ आणि ड्रायव्हर. मी तांदळाची पोती आणि दोन शेळ्या आणल्या होत्या. आमच्या भांडारातून गुळाची ढेप आणली होती. ड्रायव्हर हात जोडून रडला. मुखिया म्हणाला, माणसाकडून चूक होते. मी म्हणालो, आमच्याकडेही असंच म्हणतात. आम्हा दोघांचं एकमेकांशी इतकं जमलं की काय सांगू!

ती बाई लांब उभी होती. आमचं बोलणं तिला ऐकू जाणार नाही, इतकी लांब. तिला कुणी काही विचारलं नाही. मुखियाने नाही, म्हाताऱ्यांनी नाही. जोसेफने एकदा माझ्याकडे पाहिलं, ‘तिला बोलवू का?’ अशा अर्थाने. मी नकारार्थी मान हलवली. बाईमाणसाला चारचौघांत ते पुन्हा सांगायला लावायचं म्हणजे तिची विटंबना, असं मला वाटलं. मी तिची अब्रू राखत होतो!

गूळ वाटला. तिच्या वाट्याचा मी स्वतः घेऊन गेलो, तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो पाहिला आणि जोसेफला काहीतरी विचारलं.

‘काय म्हणते?’

‘उद्या पाणी कोण वाटणार, असं विचारते.’

‘तिला सांग, दुसरा ड्रायव्हर.’

मला वाटलं, झालं. प्रश्नही सुटला, उत्तरही मिळालं. संध्याकाळी मी अहवालात लिहिलं, ‘पाण्यावरून स्थानिक गैरसमज. आपसात समझोता. तक्रार नाही.’

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला पलीकडच्या चौकीवर पाठवला. तिथल्या टँकरवरच. तिकडेही एक गाव होतं.

दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की ती बाई रांगेत दिसत नाही. जोसेफ म्हणाला, ‘तिच्यामुळे दोन दिवस पाणी बंद झालं, असं गाव म्हणतं. बायका तिला रांगेत उभं राहू देत नाहीत. सासूला आणि मुलाला घेऊन ती नदीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत गेली.’ जोसेफ चांगला माणूस होता. त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला.

तर हे माझं शून्य. हे घेऊन मी वारंगा फाट्यावर शिकवत होतो.

त्या वर्षी तुकडीत पहिल्यांदाच महिला शिपाई जाणार होत्या. कळमनुरी तालुक्यातली वंदना खिल्लारे त्यांच्यात होती. धावण्यात पहिली, नेमबाजीत दुसरी. तिचा पासपोर्ट आला तेव्हा बापाने गावभर पेढे वाटले, असं ती स्वतःच सांगायची. ‘आमच्या वस्तीतून औंढ्याच्या पुढं कोणी गेलं न्हाई सर, अन् मी इमानात बसून राहिले.’

वर्ग चालू होता. कमांडंट साहेब त्या दिवशी मागच्या खुर्चीत येऊन बसले होते. पडद्यावर आमच्या शून्याची पाटी आली. तिने हात वर केला.

‘सर, एक इचारू का?’

‘विचार.’

‘हे शून्य म्हंजी तक्रार झाली न्हाई, का कोणी घेतली न्हाई?’

पोरं हसली. मी म्हणालो, ‘शून्य म्हणजे शून्य, खिल्लारे.’

‘तसं न्हाई सर. आमच्या वस्तीत बी काही झालं तर कागदावर शून्यच राहते. काहून की बाया सांगायला जातच न्हाईत. तिथल्या बाईला काही तकलीफ झाली तर ती कोणाकडं जाईन?’

‘चौकीवर.’

‘आपल्याच चौकीवर? ज्याच्या माणसानं केलं त्याच्याच दारात?’

आता कुणी हसत नव्हतं. मागून साहेबांनी घसा खाकरला. मी पुढची पाटी लावायला हात पुढे केला, तेवढ्यात ती म्हणाली, ‘सर, तुमच्या येळंला आली होती का कोणी?’

तिला काही माहीत नव्हतं. तिने सरळ विचारलं होतं, शिकणाऱ्या माणसाने शिकवणाऱ्याला विचारावं तसं. मी साहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत होते. ते त्या मोहिमेत नव्हते, त्यांनाही काही माहीत नव्हतं. पण माझ्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी कळत होतं. शंभर माणसं, सगळी निघायच्या तयारीतली. मी बोललो असतो तर तो खरा वर्ग झाला असता. माझा पहिला आणि शेवटचा.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘कुणी आलं नव्हतं.’

‘व्हय सर,’ म्हणून ती खाली बसली.

दुपारी साहेबांनी मला तंबूत बोलावलं. ‘लड़की तेज़ है. वहाँ किसी अख़बारवाले के सामने यही पूछ बैठी तो? आपका जीरो, मेरा जीरो, सब गया.’ त्यांनी तिचा फॉर्म माझ्यापुढे सरकवला. प्रशिक्षकाच्या शेऱ्याची जागा रिकामी होती. त्यांनी काय लिहायचं ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी लिहिलं, ‘वर्गात वारंवार अडथळा. परदेशी कामासाठी अद्याप तयार नाही.’ पेन बरं चालत होतं, हात थरथरला वगैरे काही नाही. तसं काही झालं असतं तर आज मला जरा बरं वाटलं असतं.

सकाळी फळ्यावर यादी लागली. ती माझ्याकडे आली.

‘सर, माझं नाव न्हाई.’

‘पुढच्या वेळी, खिल्लारे.’

‘काही चुकलं का माझं?’

‘नाही, नाही. जागाच कमी आहेत.’

तिने सॅल्यूट केला आणि गेली. दोन वर्षांनी तिने नोकरी सोडल्याचं कळलं.

मी निवृत्त झालो, तांड्यावर आलो, शेती केली. मध्यंतरी आमच्या तांड्यात एका सुनेचं प्रकरण नसाबीत आलं. लोकांनी मला नायकाच्या जागी बसायला सांगितलं. मी म्हणालो, ‘आधी तिला बोलवा, तिला बसवा, तिला बोलू द्या.’ एक म्हातारा उखडला, ‘काहून? बाई बसती का कधी नसाबीत? तू परदेशातून शानपन घेऊन आला का?’ मी उठून घरी आलो. त्याला उत्तर द्यायचा हक्क मला नव्हता. परदेशातून मी काय घेऊन आलो होतो, ते मलाच ठाऊक होतं.

त्यानंतर आठवडाभराने मी वंदनाच्या गावी गेलो. ती आता गावची पोलीस पाटील आहे. गावात काही घडलं की लिहून ठाण्याला कळवायचं, हे तिचं काम. अंगणात शिजवलेली हळद वाळत घातली होती आणि ती फावड्याने ती वरखाली करत होती.

‘राठोड सर? तुमी काय करून राहिले इकडं?’

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ती बाई, टँकर, आंब्याखालची बैठक. मग तिच्या फॉर्मवरचा शेरा. तिने फावडं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, ‘जागा कमी होत्या म्हणले होते तुमी.’

‘खोटं बोललो.’

‘मायबापानं गावात तोंड दाखवलं न्हाई महिनाभर. पोरीनं काय केलं म्हून तिला काढलं, असं लोक इचारायचे. लोकाला काय, बाईचं नाव यादीतून गेलं की त्याचा एकच अर्थ लागते.’ मग ती थेट माझ्याकडे वळली. ‘हे मला सांगायला आले, का सोताला हलकं करायला?’



‘बसा,’ ती म्हणाली. आतून पाणी आणलं, एक वही आणली, पेन दिलं. ‘माझं राहू द्या. माझं मी पाह्यलं. त्या बाईचं लिहा. बराबर लिहा.’

मी लिहू लागलो. माझी नेमणूक, चौकीची परिस्थिती, साहेबांचा हुकूम, माझी मजबुरी. दीड पान झाल्यावर तिने वही ओढून घेतली, वाचली आणि पान फाडलं.

‘सर, ह्यात सगळे हायेत. तुमी हाये, साहेब हाये, मुखिया हाये. ती काय म्हणाली ते कुठं हाये?’

‘बरीच वर्षं झाली, वंदनाताई. सगळं कसं...’

‘जोसेफनं दोनदा सांगितलं, असं आत्ताच म्हणले ना तुमी? दोनदा ऐकलेलं इसरले? आंब्याचं झाड बरं आठवलं.’

तिचं खरं होतं. मला शब्दन् शब्द आठवत होता. इतकी वर्षं मी तो दुसऱ्या कुठल्याच शब्दाखाली गाडू शकलो नव्हतो. मी पुन्हा लिहिलं. तिने पोच पावतीसह ते दलाच्या मुख्यालयाला पाठवायला लावलं. चार महिन्यांनी उत्तर आलं. सदर कालावधीत सदर तुकडीविरुद्ध कोणतीही तक्रार अभिलेखात नसल्याने अभिलेख दुरुस्त करण्याचा प्रश्न उद्भवत नाही, असं.

पत्र घेऊन मी पुन्हा तिच्याकडे गेलो. तिने ते वाचलं. तिला राग आला असेल असं मला वाटलं, पण ती फक्त म्हणाली, ‘मंग जिथं छापतात तिथं द्या.’

म्हणून संपादकांचा फोन आल्यावर मी हो म्हणालो. त्या बाईचं नाव मला माहीत आहे. ते लिहीत नाही, कारण ते छापू का, हे मी तिला विचारलेलं नाही. बाकी ती बोलली ते असं. ती चौकीच्या दारात उभी होती, मी खुर्चीवर बसलो होतो, जोसेफ आमच्या मध्ये होता.

‘मी रोज दोन डबे घेऊन येते. घरी सासू आणि दोन वर्षांचा मुलगा आहे. तुमचा माणूस माझे डबे भरत नाही. सगळ्या गेल्यावर टँकरमागे ये, अशी खूण करतो. दोन दिवस मी गेले नाही. दोन दिवस आम्हाला पाणी मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी गेले. मी नको म्हणाले. त्याला माझी भाषा येत नाही, पण नको म्हटलेलं त्याला कळलं होतं. मला तुमच्याकडून धान्य नको, काही नको. त्याला पाण्यावर ठेवू नका. इथे नको आणि दुसऱ्या गावालाही नको. आणि मी आले होते, हे सांगून गेले, एवढं लिहून ठेवा.’